मुठीचा हिशेब

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



साठ वर्षे चाललेल्या कोणत्याही शाळेच्या दप्तरात दोन वह्या असतात. पहिली देणगीदारांची. तिच्यातील नावे समारंभात वाचली जातात, भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर कोरली जातात आणि स्मरणिकेच्या पानांवर छापली जातात. दुसरी वही मुख्याध्यापकांच्या कपाटात, आतल्या खणात असते. कोणाची फी माफ झाली, कोणाला पुस्तकांचा संच दिला, कोणाचे परीक्षाशुल्क शिक्षकांनी आपसांत गोळा करून भरले, याच्या नोंदी तिच्यात असतात. ही वही कोणी मोठ्याने वाचत नाही आणि वाचूही नये. मात्र दोन्ही वह्या शेजारी ठेवून चाळल्या, तर दुसरीतले एखादे नाव पंचवीस-तीस वर्षांनी पहिलीत आलेले दिसते. या वहीतून त्या वहीत जाण्याचा रस्ता कसा तयार होतो आणि तो वाटेत कुठे तुटतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते सातारच्या रयत शिक्षण संस्थेचे. आज सातशेहून अधिक शाखा असलेल्या या संस्थेचा इतिहास बहुधा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या गौरवकथेच्या रूपाने सांगितला जातो. तो गौरव यथार्थच आहे. परंतु त्या कथेत गरिबाने मदत घ्यावी कशी आणि गरिबानेच मदत द्यावी कशी, या दोन प्रश्नांची जी व्यवहारी उत्तरे दडलेली आहेत, त्यांच्याकडे गौरवाच्या भरात दुर्लक्ष होते.

गरीब विद्यार्थ्याला जेवू घालण्याची रीत मराठी समाजाला नवी नव्हती. पुण्यासारख्या गावी शिकायला आलेला मुलगा सात घरी सात वार लावून जेवत असे, नाहीतर झोळी घेऊन माधुकरी मागत असे. पुढे नावारूपाला आलेल्या कित्येकांनी या वारांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, आणि त्यांत कृतज्ञतेबरोबर एक बोचही आहे. कोणत्या घरी आपुलकीने पान मांडले जाते, कोणत्या घरी मागे राहिलेले पानात पडते, हे त्या मुलाला वारांच्या नावांसारखेच पाठ असे. यजमानाला पुण्य लागे, मुलाचे पोट भरे. पण देणारा आणि घेणारा रोज समोरासमोर येत आणि दोघांमधले अंतर रोज नव्याने मोजले जाई. शिवाय ही सोय जातीच्या उंबरठ्याशी संपत असे. कुणब्याच्या किंवा धनगराच्या मुलाला पेठेतल्या कोणत्या घरी वार लागणार होता? अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील मुलाची तर गोष्टच नको.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले आणि हा उंबरठा हलवला. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. हा प्रसंग त्यांच्या बंडखोर वृत्तीचा दाखला म्हणून सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू अशी, की ज्या छपराचा आश्रय घ्यायचा त्या छपराच्या मर्जीने वागायचे, ही आश्रिताची अट त्यांनी कोवळ्या वयात सोसली होती. स्वतःचे वसतिगृह काढताना त्यांना ती आठवत नसेल, असे मानणे कठीण आहे.

मधल्या काळात त्यांनी शिकवण्या केल्या आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले. या हिंडण्याचे मोल मोठे आहे. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावे लागते. घरात काय आहे आणि काय नाही, हे त्याला न विचारता समजते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेचा संकल्प झाला, तेव्हा तिच्या नावातच तिचे आश्रयदाते आणि तिचे आश्रित असे दोघेही सामावले होते. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. शिकणार तिचीच मुले, आणि खर्च चालवणारीही तीच. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

नाव मोठे मिळाले, पण कोठारात धान्य नसे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या होत्या. त्या घरात सर्व जातींची मुले आली, त्यांच्यासाठी चूल पेटली, आणि एक एक करून अंगावरचे सोने मोडले गेले. शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. या त्यागाची कथा ऐकताना डोळे पाणावतात. परंतु कोणतीही संस्था मंगळसूत्रावर चालत नाही. एका घरातले सोने एकदाच मोडता येते. ते संपल्यावर दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा पंगतीला बसतातच.

म्हणून मुष्टिफंडाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. योजना साधी होती. घरातल्या बाईने रोजच्या दळणाकांडणातले मूठभर धान्य वेगळ्या भांड्यात टाकायचे, आणि साचलेले ते धान्य वसतिगृहासाठी द्यायचे. बाईची एक मूठ म्हणजे अंदाजे चाळीस ग्रॅम ज्वारी धरू. शंभर घरांच्या मुठी रोज चार किलो होतात, महिन्याला एकशेवीस किलो. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तर त्यात आठ मुलांची महिनाभराची भाकरी निघते. हा केवळ अंदाजाचा हिशेब आहे. पण तो मांडल्यावर योजनेचे मर्म ध्यानात येते. ज्या घरातून महिन्याला एक रुपया रोख निघणे अशक्य, त्या घरातूनही मूठ निघू शकत होती. पीक आल्यावर देऊ, लग्न उरकल्यावर देऊ, या सबबींना तिच्यात जागा नव्हती, कारण ती रोजच्या स्वयंपाकाला जोडलेली होती. ती देण्यासाठी घरधन्याची तिजोरीही उघडावी लागत नव्हती. तो निर्णय जात्यापाशी बसलेली बाई घेत होती, आणि दानधर्माच्या इतिहासात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट होती. भांड्यातली ज्वारी पोत्यात ओतली की कोणाची मूठ कोणती, हे सांगता येत नसे. मराठ्याच्या घरची, माळ्याच्या घरची, तालेवाराची, मजुराची, सगळी ज्वारी एक होई. वार लावून जेवणाऱ्या मुलाला मंगळवारचा दाता कोण, हे ठाऊक असे. बोर्डिंगातल्या मुलाला भाकरीतला दाता ओळखता येत नसे. त्यामुळे त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागत नव्हती. ज्या घरचा मुलगा बोर्डिंगात जेवत असे, त्या घरालाही मूठ टाकायला कोणी मनाई केलेली नव्हती. घेणे आणि देणे यांच्यामध्ये तीस वर्षे जावी लागत नव्हती.

अर्थात धान्य आपोआप चालत येत नाही. कोणीतरी दारोदार जाऊन मागावे लागते, आणि मागणे हे देण्याहून अवघड काम आहे. वसतिगृहाचा हिशेब लिहिणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे ठाऊक असते; पाटीवर मात्र मागणाऱ्याचे नाव सहसा येत नाही. या संदर्भात सातारा सोडून थोडा वेळ पुण्याजवळच्या हिंगण्याला जाणे अस्थानी ठरू नये. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. त्या आश्रमासाठी आयुष्यभर झोळी घेऊन फिरलेल्या पार्वतीबाई आठवले या स्वतः त्या आश्रयाच्या मानकरी होत्या. १८७० मध्ये देवरुखास जन्मलेल्या, तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा असलेल्या आणि कर्व्यांच्या पत्नी बाया यांच्या भगिनी असलेल्या पार्वतीबाई मोठ्या वयात अक्षरे गिरवू लागल्या. पुढे आश्रमाच्या कामात पडल्या आणि वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी जमवावा, हा हेतू होता. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या आत्मवृत्तात हा प्रवास आला आहे.

पार्वतीबाईंच्या मागण्यात एक बळ होते, जे धनिक विश्वस्ताच्या मागण्यात येऊ शकत नाही. आश्रमाने एका विधवेचे काय होते, हे सांगण्यासाठी त्यांना अहवाल वाचून दाखवावा लागत नव्हता. त्या समोर उभ्या होत्या, एवढे पुरे होते. मदत घेतल्याची गोष्ट त्यांनी लपवली नाही, उलट तीच त्यांची ओळखपत्रिका झाली. मात्र ती सांगायची की नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले होते. कोणत्याही संस्थेने आपल्या आश्रितांना व्यासपीठावर उभे करून त्यांच्याकडून ती वदवून घेणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि अलीकडे हौसेने होणाऱ्या मदतवाटपाच्या छायाचित्रांत हा फरक पुसला जातो.

पुन्हा साताऱ्याकडे येऊ. १९४० मध्ये तेथे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहण्याची सोय, आणि मोबदला म्हणून श्रम, असे त्याचे स्वरूप होते. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही ‘कमवा आणि शिका’ हेच सूत्र होते. मुले माती खणत, शेतात राबत, स्वतःची कामे स्वतः करत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद झाले. या सूत्राचे आज सर्वत्र कौतुक होते, पण त्यातली एक बारीक बाब अनुकरण करणाऱ्यांच्या हातून निसटते. बोर्डिंगातल्या साऱ्या मुलांच्या हाती कुदळ होती. फी भरू शकणाऱ्याने वर्गात बसावे आणि न भरू शकणाऱ्याने अंगण झाडावे, अशी वाटणी तेथे नव्हती. ज्या शाळेत केवळ सवलतीच्या मुलालाच शाळेची कामे सांगितली जातात, तेथे झाडू ही त्या मुलाच्या गरिबीची पाटी होते. श्रमाची प्रतिष्ठा वाढण्याऐवजी ती त्या दिवसापासून उणावते. हे कटू वाटले तरी सांगणे भाग आहे, कारण सद्हेतूने चाललेल्या संस्थांतूनही ही चूक घडते.

त्या हायस्कूलला ज्यांचे नाव दिले, ते बडोद्याचे सयाजीराव महाराज महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाला परके नाहीत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. त्याने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकता आले ते याच राज्याच्या शिष्यवृत्तीमुळे. शिष्यवृत्तीची अट होती, परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची. मदतीची परतफेड सेवेने व्हावी, ही अपेक्षा गैर नव्हती, आणि १९१७ मध्ये आंबेडकर ती फेडण्यासाठी बडोद्यास गेलेही. तेथे त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत पारशी नावाने ते उतरले. ओळख पटल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली, आणि त्यांना बडोदा सोडून मुंबईस परतावे लागले. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

विद्वत्तेसाठी पैसा होता, डोक्यावर छप्पर नव्हते. महाराजांनी दिलेले गावाने परत घेतले, असेच म्हणावे लागते. कर्जफेडीला तयार असलेल्या माणसालाच समाजाने फेडू दिले नाही. या प्रसंगाशेजारी सातारचे बोर्डिंग ठेवले, म्हणजे तेथील सामाईक पंगतीचे महत्त्व कळते. ती पंगत म्हणजे नुसता सुधारणेचा देखावा नव्हता. मदत घेतलेल्या मुलाला उद्या गावात उभे राहता यावे, यासाठी आज शेजारच्या पाटावर बसणाऱ्या मुलाची तयारी तेथे होत होती. फी भरून मुलाला शाळेत आणता येते, परंतु डब्याच्या सुटीत त्याच्या शेजारी कोण बसतो, हे कोणत्याही देणगीने ठरत नाही.

या साऱ्या व्यवस्थेची कसोटी १९४८ मध्ये लागली. भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेनंतर मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. तोवर संस्थेचा पसारा वाढलेला होता. शाळा, वसतिगृहे, शिक्षकांचे पगार, सारे त्या अनुदानावर पुष्कळ अंशी अवलंबून होते. संस्था बुडावी, अशीच ती वेळ होती. भाऊराव लोकांकडे गेले आणि लोकांनी वर्गण्या दिल्या. संस्थेचे सेवक तुटपुंज्या मिळकतीवर काम करत राहिले. संत गाडगे महाराज भाऊरावांच्या पाठीशी उभे होते. पुढे अनुदान पूर्ववत झाले. त्या वेळी ज्यांनी हात पुढे केला, त्यांत बोर्डिंगात जेवून मोठे झालेले किती आणि त्यांचे आईबाप किती, याची मोजदाद करण्याचे कारण नाही. तीस वर्षे ज्या घरांकडून मूठ घेतली, त्या घरांना संस्था आपली वाटत होती, आणि संकटात परकी वस्तू वाचवायला कोणी धावत नाही. एखाद्या मोठ्या धनिकाच्या एकट्याच्या देणगीवर संस्था उभी असती, तर त्या वर्षी भाऊरावांना फक्त एका दारी जावे लागले असते, आणि ते दार उघडलेच असते असे नाही.

बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे नाव या ओघात घेतले पाहिजे. भाऊरावांच्या बोर्डिंगातला हा मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, संस्थेच्याच कामाला लागला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. अशी नावे झळकतात. पण गावच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवणारे, दरवर्षी पगारातून ठरलेली रक्कम काढून ठेवणारे जे असंख्य, त्यांची नावे दुसऱ्या वहीतून पहिल्या वहीत गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाहीत. संस्था त्यांच्यावर चालते.

आता थोडे आजच्याविषयी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत येणारी मुले कोणत्या घरांतली असतात, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांना परवडते, त्यांतले पुष्कळजण मुलांना इतर माध्यमांत घालतात. उरतात त्यांत कारखान्यातले कामगार, किरकोळ दुकानदार, धुणीभांडी करणाऱ्या आया, आणि काही निष्ठावंत. गरजूंसाठी निधी बहुतेक ठिकाणी असतो. तरीही वर्षाअखेरीस त्यातली रक्कम शिल्लक राहते आणि फी थकलेली मुले शाळा सोडून जातात. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि त्यांचे कारण अर्जाच्या कागदावर सापडते. उत्पन्नाचा दाखला, नगरसेवकाची शिफारस, दोन प्रतिष्ठितांच्या सह्या. ज्या गल्लीत घर, त्याच गल्लीतल्या प्रतिष्ठिताकडे जाऊन आपण गरीब आहोत यावर सही मागायची! पुष्कळ आया त्यापेक्षा मुलीला घरी बसवतात. पुढे मंजूर झालेल्यांची यादी सूचनाफलकावर लागते, आणि वह्यांचे वाटप प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते होते. शंभर वर्षांपूर्वीचे सात वार एका दिवसात उरकले जातात, एवढाच फरक.

यावर उपाय अवघड नाही. वर्गशिक्षकाला आपल्या वर्गातली अडचण दाखल्याशिवाय कळते. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्या वेळी तो फसेलही, पण त्या फसवणुकीची किंमत एका मुलीने शाळा सोडण्यापेक्षा कमीच असेल. वह्या वाटायच्या तर साऱ्या वर्गाला वाटाव्यात. ज्यांना परवडते ते पालक नंतर निधीत भर घालतील. आणि निधी उभा करताना माजी विद्यार्थ्यांच्या मोठ्या देणग्यांवरच नजर ठेवू नये. शंभर जणांनी महिन्याला दोनशे रुपये दिले, तरी वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. दोनशे रुपये म्हणजे आजची मूठ. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्याला ती जड नाही, आणि गावातच रिक्षा चालवणाऱ्यालाही ती अशक्य नाही. पावतीवर रक्कम असावी, फलकावर नसावी. ज्या पालकाच्या मुलाची फी माफ आहे, त्याला दहा रुपये टाकावेसे वाटले तर तेही घ्यावेत. त्याच्याकडून मागू मात्र नयेत. या दोहोंतले अंतर शाळेने सांभाळायचे आहे.

त्यासाठी एक बंद पेटी लागेल. ती कोणत्या खोलीत ठेवायची, हे मुख्याध्यापकांनी ठरवावे. फाटकाजवळ मात्र ठेवू नये. तेथे कोण थांबले आणि कोण न थांबता आत गेले, हे सगळ्यांना दिसते.